पिकाचा अंदाज इंग्रजीत लिहिताना क्रियापदाचे कोणते रूप वापरावे?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. आपण नाशिक जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करता आणि द्राक्षांच्या हंगामात परदेशी खरेदीदारांना दर आठवड्याला इंग्रजीत एक टिपण पाठवता. येत्या पंधरवड्यात माल किती निघेल, गोडी कधी भरेल, पाऊस होईल का, कंटेनर कधी पोहोचेल, असे अंदाज त्या टिपणात असतात. ‘विल’ म्हणजे नुसता अंदाज आणि ‘गोइंग टु’ म्हणजे खात्री, असा नियम आपण शाळेत शिकलात. प्रत्यक्षात मात्र हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकांत ‘गोइंग टु’ जवळजवळ दिसत नाही, क्रिकेटचे समालोचक तेच रूप सतत वापरतात, आणि आपल्या ‘द कंटेनर विल रीच रॉटरडॅम बाय २० मार्च’ या वाक्यावर खरेदीदाराने ‘ही तुमची हमी समजायची का?’ असे उलट विचारले. तेव्हा खरा नियम कोणता, हा आपला प्रश्न आहे.

मी प्रौढ विद्यार्थ्यांना इंग्रजी लेखन शिकवते आणि निर्यातदारांचे व संशोधन संस्थांचे इंग्रजी अहवाल तपासून देते. या कामात माझे एक मत पक्के झाले आहे. शाळेतला तो नियम पूर्णपणे खोटा नाही, पण तो आपल्याला भलताच प्रश्न विचारायला लावतो. घटना किती नक्की आहे, असे तो विचारायला सांगतो. इंग्रजी क्रियापदाचे रूप मात्र मुख्यतः वेगळी गोष्ट सांगत असते, ती म्हणजे लिहिणाऱ्याचा अंदाज कशाच्या आधारावर उभा आहे. समोर दिसणारी खूण, अनुभवातून आलेले मत, छापील वेळापत्रक आणि कोणाशी तरी ठरवलेली व्यवस्था हे चार निरनिराळे आधार आहेत आणि इंग्रजीत त्यांची रूपेही निरनिराळी आहेत. खात्री किती आहे हे सांगण्याचे काम बहुतेक वेळा ‘प्रॉबेब्ली’, ‘लाइकली’, ‘मे’ यांसारखे वेगळे शब्द करतात.

याचे मूळ इंग्रजीच्या रचनेत आहे. इंग्रजी क्रियापदाला भूतकाळाचे स्वतंत्र रूप आहे, पण मराठीत ‘पडेल’ आहे तसे भविष्यकाळाचे स्वतंत्र रूप नाही. म्हणूनच इंग्रजीला भविष्यकाळ असा काळच नाही, असे मानणारे व्याकरणकार पुष्कळ आहेत. ‘विल’ हे ‘मे’, ‘कॅन’, ‘मस्ट’ यांच्याच कुळातले साहाय्यक क्रियापद आहे आणि बोलणाऱ्याचा निष्कर्ष सांगणे हे त्याचे एक मुख्य काम आहे. दारावरची घंटा वाजल्यावर इंग्रज माणूस ‘दॅट विल बी द पोस्टमन’ म्हणतो. तिथे भविष्याचा काही संबंध नसतो, पोस्टमन त्या क्षणी दारात उभा असतो. आपणही ‘तो आता घरी पोहोचला असेल’ असे म्हणतो, तेव्हा ‘असेल’ हे रूप भविष्याचे असले तरी बोलणे आत्ताच्या अनुमानाचे असते. ही जाण मराठी माणसाकडे आधीपासूनच आहे, फक्त इंग्रजी लिहिताना तिचा उपयोग करायला आपल्याला कोणी शिकवत नाही.

आता ‘विल’ आणि ‘गोइंग टु’ यांच्याकडे वळू. ‘गोइंग टु’मध्ये घटनेची बीजे आत्ताच दिसत आहेत, असा भाव असतो. फटका मारल्यावर चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून सीमेकडे निघालेला दिसतो, म्हणून समालोचक ‘दॅट इज गोइंग टु बी फोर’ म्हणतो. सामना सुरू होण्यापूर्वी तोच माणूस ‘आय थिंक इंडिया विल विन’ म्हणतो, कारण तेव्हा त्याच्यापाशी केवळ मत असते, डोळ्यांसमोर काही घडत नसते. आपल्या टिपणात याची अगदी नेमकी उदाहरणे मिळतात. ऑक्टोबर छाटणी पावसामुळे लांबली असेल, तर त्यानंतर सुमारे चार महिन्यांनी येणारा माल उशिरा येणार हे आजच दिसते. छाटणीची तारीख आपल्या नोंदवहीत आहे, म्हणून ‘द हार्वेस्ट इज गोइंग टु बी लेट’ हे वाक्य अत्यंत योग्य आहे. याउलट मार्चनंतर युरोपातील मागणी कशी राहील, हे आपण मागच्या हंगामांच्या अनुभवावरून सांगत असाल, तर ‘डिमांड विल प्रॉबेब्ली सॉफन आफ्टर मार्च’ असे लिहावे. इथे ‘गोइंग टु’ लिहिले तर व्याकरणाची चूक होत नाही, पण आपल्या हाती एखादी ठोस बातमी आहे, असा समज वाचणाऱ्याचा होतो आणि तो पुढच्याच पत्रात तिची विचारणा करतो.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे की असंख्य वाक्यांत ही दोन्ही रूपे चालतात आणि अर्थामध्ये फारसा फरक पडत नाही. परीक्षेत ‘योग्य पर्याय निवडा’ म्हणून दिलेली कित्येक वाक्ये या दृष्टीने अन्यायकारक असतात. निवड पुष्कळदा लेखनाच्या पद्धतीवरही अवलंबून असते. ‘गोइंग टु’ बोलण्यात अधिक येते, तर औपचारिक लेखनात ‘विल’ अधिक येते. हवामान खात्याच्या पत्रकांत ‘गोइंग टु’ न दिसण्याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण असे की तिथे वाक्य जुन्या टेलिग्रामसारखे आखडलेले असते आणि क्रियापद पुष्कळदा गाळलेलेच असते. ‘हेवी रेनफॉल व्हेरी लाइकली अ‍ॅट आयसोलेटेड प्लेसेस’ असा मजकूर आपण वाचला असेल. तो हवामानशास्त्राचा कामकाजी साचा आहे, खरेदीदाराला लिहायच्या पत्राचा नमुना म्हणून तो उचलू नये.

तिसरा आधार वेळापत्रकाचा आहे. जहाज, विमान, रेल्वे, भरती-ओहोटी, सूर्योदय, ग्रहण अशा गोष्टी आधीच ठरलेल्या किंवा गणिताने काढलेल्या असतात, म्हणून त्यांच्यासाठी इंग्रजीत साधा वर्तमानकाळ येतो. ‘द व्हेसल लीव्हज न्हावा शेवा ऑन १२ फेब्रुवारी.’ ‘द सन राइजेस अ‍ॅट सेव्हन टुमॉरो.’ २ ऑगस्ट २०२७ रोजी होणाऱ्या खग्रास सूर्यग्रहणाबद्दल ‘द एक्लिप्स टेक्स प्लेस ऑन २ ऑगस्ट २०२७’ असे निःशंकपणे लिहिता येते, कारण आकाशाचे गणित कोणाच्या मर्जीवर चालत नाही. जहाजाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. निघण्याची तारीख वेळापत्रकातली असते. पोहोचण्याची तारीखही वेळापत्रकात छापलेली असते, पण ती खरी ठरणे वाटेवर अवलंबून असते. २०२३च्या अखेरीपासून लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे सुएझऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपला जाऊ लागली आणि प्रवास बरेच दिवस लांबला. त्या काळात ‘द कंटेनर रीचेस रॉटरडॅम ऑन…’ असे साध्या वर्तमानकाळात लिहिणाऱ्याने जे आपल्या हातात नव्हते ते ठरलेले असल्यासारखे सांगितले, असेच म्हणावे लागेल. म्हणून निघण्यासाठी साधा वर्तमानकाळ आणि पोहोचण्यासाठी ‘इज एक्स्पेक्टेड टु’, अशी सवय मी निर्यातदारांना लावते.

चौथा आधार कोणाशी तरी ठरवलेल्या व्यवस्थेचा. मजूर सांगून ठेवले आहेत, पॅकहाउसची वेळ घेतली आहे, कंटेनर मागवला आहे, तर ‘वी आर लोडिंग टू कंटेनर्स ऑन मंडे’ असा चालू वर्तमानकाळ योग्य ठरतो. काटेकोरपणे पाहिले तर हे भाकीतच नाही, हे ठरलेले काम आहे. त्यामुळे निसर्गाला हे रूप लावता येत नाही. ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ हे वाक्य चुकीचे आहे, कारण पावसाने कोणाशी वेळ ठरवलेली नसते. तिथे ‘इट इज गोइंग टु रेन’ किंवा ‘इट विल रेन’ असेच यावे लागते.

यानंतर आपल्या पत्रातला खरा पेच येतो, तो म्हणजे खरेदीदाराने विचारलेली हमी. ‘विल’ भाकितासाठी येतो तसा तो वचनासाठीही येतो, आणि या दोहोंतला फरक वाक्याच्या रूपावरून कळत नाही. ‘इट विल रेन’ या वाक्यात वचनाची शंका येत नाही, कारण पाऊस कोणी पाडू शकत नाही. ‘वी विल शिप ऑन मंडे’ या वाक्यात मात्र कर्ता आपण आहोत आणि माल धाडणे आपल्या हातात आहे, म्हणून ते वाक्य वचन म्हणूनच वाचले जाते. ‘द कंटेनर विल रीच बाय २० मार्च’ हे या दोहोंच्या मधले आहे. कंटेनर आपला आहे, समुद्र आपला नाही. पैसे गुंतलेला वाचक अशा वाक्यात वचनच वाचणार, आणि त्यात त्याची चूक नाही. आपल्याला वचन द्यायचे असेल तर ‘विल’ ठेवा. द्यायचे नसेल तर रूप बदला. ‘आमच्या मते’ असे शब्द पुढे जोडून तोच ‘विल’ ठेवण्याने काम अर्धेच होते.

अशा ठिकाणी ‘शुड’ हे साहाय्यक क्रियापद फार उपयोगी पडते, पण आपल्याकडे ते फक्त ‘पाहिजे’ या अर्थाने शिकवले जाते. ‘द फ्रूट शुड रीच १८ ब्रिक्स बाय द ट्वेन्टिएथ’ (ब्रिक्स हे रसातल्या साखरेचे माप) याचा अर्थ असा की सगळे नेहमीप्रमाणे चालले तर विसाव्या तारखेपर्यंत गोडी तिथवर यायला हवी, आणि न आल्यास काहीतरी अनपेक्षित घडले असे आम्ही समजू. आपण ‘यायला हवी’ म्हणतो ते याच भावाने. निफाडच्या बाजूला पारा फार उतरला तर गोडी भरण्याचा वेग मंदावतो, हे आपले खरेदीदारही जाणतात, आणि ‘शुड’ त्या शक्यतेला जागा ठेवतो. मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवावी. या अर्थाचा ‘शुड’ हव्याशा किंवा निदान तटस्थ घटनांनाच शोभतो. ‘द बेरीज शुड क्रॅक आफ्टर द रेन’ असे लिहिले तर मणी तडकावेत अशी आपलीच अपेक्षा आहे, असा विचित्र अर्थ निघतो. नकोशा घटनेसाठी ‘आर लाइकली टु’ किंवा ‘मे’ वापरावे, आणि ती टळणे जवळपास अशक्य असेल तर ‘आर बाउंड टु’.

‘शॅल’विषयी थोडक्यात सांगते. प्रथमपुरुषी भाकितासाठी ‘शॅल’ आणि बाकीच्यांसाठी ‘विल’ हा नियम जॉन वॉलिस या इंग्रज विद्वानाच्या १६५३ सालच्या व्याकरणापासून चालत आला आणि आपल्या शालेय पुस्तकांत दीर्घकाळ टिकला. आज ‘शॅल’ प्रामुख्याने कायद्याच्या आणि कराराच्या भाषेत दिसतो, आणि तिथे तो भाकीत करत नाही, बंधन घालतो. ‘इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स’ हे आपल्या राज्यघटनेतले वाक्य कोणी अंदाज म्हणून वाचत नाही. म्हणून ‘द क्रॉप शॅल बी गुड’ असे टिपणात लिहू नये. करारात मात्र ‘द सेलर शॅल’ हे शब्द पाहिले की तिथे आपल्यावर जबाबदारी टाकली आहे, असे समजून पुढचा मजकूर सावकाश वाचावा.

आता शक्यतेच्या मात्रेकडे येऊ. मराठी लेखकांकडून सर्वाधिक चूक इथेच होते आणि तिचे कारण आपल्या ‘शकतो’मध्ये आहे. ‘उद्या पाऊस पडू शकतो’ हे मराठीत निर्दोष आहे, पण त्यावरून लिहिलेले ‘इट कॅन रेन टुमॉरो’ इंग्रजीत चुकते. विशिष्ट वेळेच्या शक्यतेसाठी ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’ हवा. ‘कॅन’ सर्वसाधारण स्वभाव सांगतो, म्हणून ‘इट कॅन रेन इन नाशिक इन मार्च’ हे बरोबर आहे. त्याचा अर्थ नाशिकला मार्चमध्ये कधीकधी अवकाळी पाऊस होतो एवढाच आहे, यंदा होईल असा नाही. ‘मे’ आणि ‘माइट’ यांच्यात ‘माइट’ किंचित दुबळा मानतात, पण अनेक इंग्रजी भाषक तो फरक पाळत नाहीत, म्हणून त्यावर आपल्या अंदाजाचा भार टाकू नये. नकारात मात्र फरक मोठा आहे. ‘द फ्रूट मे नॉट बी रेडी बाय मंडे’ म्हणजे कदाचित तयार नसेल. ‘द फ्रूट कॅनॉट बी रेडी बाय मंडे’ म्हणजे तयार असणे शक्यच नाही. या दोन वाक्यांवरून खरेदीदार दोन वेगळे निर्णय घेईल.

‘लाइकली’ हा शब्द सोयीचा असला तरी तो किती टक्क्यांचा, हे लिहिणाऱ्या संस्थेवर अवलंबून असते. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के आणि ‘व्हर्च्युअली सर्टन’ म्हणजे किमान ९९ टक्के शक्यता, असे ठरवून दिलेले आहे. भारतीय हवामान खात्याच्या दैनंदिन पत्रकांतील खुलाशात मात्र ‘लाइकली’ २५ ते ५० टक्क्यांसाठी, ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५ टक्क्यांसाठी आणि ‘मोस्ट लाइकली’ त्याहून अधिकासाठी आहे. म्हणजे एकच शब्द एका ठिकाणी निम्म्याहून बराच जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी निम्म्याहून कमी शक्यता सांगतो. आपण खात्याचे ‘रेन लाइकली’ हे शब्द जसेच्या तसे उतरवून युरोपात पाठवले, तर तिथला वाचक पाऊस बहुधा होणारच असे समजेल. म्हणून खात्याचा अंदाज देताना टक्केवारी आणि स्रोत दोन्ही लिहावे, असा माझा आग्रह असतो.

दीर्घ पल्ल्याच्या अंदाजात हे अधिक चांगल्या रीतीने दिसते. एप्रिल २०२४मध्ये खात्याने मोसमी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या १०६ टक्के राहण्याची शक्यता वर्तवली आणि त्यासोबत ५ टक्के कमी-अधिक अशी त्रुटीची मर्यादाही दिली. प्रत्यक्षात पाऊस १०८ टक्के झाला. तिथला इंग्रजी साचा ‘इज लाइकली टु बी’ असा होता आणि मर्यादा आकड्यात होती. लोकसंख्येच्या अंदाजात ‘इज प्रोजेक्टेड टु’ येतो. जगाची लोकसंख्या २०८०च्या दशकाच्या मध्यास सुमारे १०.३ अब्जांवर जाऊन मग उतरू लागेल, असे संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अंदाजात आहे, आणि ते इंग्रजीत ‘इज प्रोजेक्टेड टु पीक’ असे लिहिणे योग्य ठरते, कारण ते प्रारूपातून निघालेले अनुमान आहे. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाच्या निवेदनातही विकासदरापुढे ‘इज प्रोजेक्टेड अ‍ॅट’ असे शब्द येतात. हे कर्मणी प्रयोग उपयोगी असले तरी त्यांत एक धोका आहे, तो म्हणजे अंदाज कोणाचा हे लपते. ‘इज एक्स्पेक्टेड’ लिहिले की ही अपेक्षा कोणाची, ते त्याच वाक्यात यायला हवे.

‘इफ’ आणि ‘व्हेन’ यांच्यानंतर ‘विल’ घालण्याची चूक इतकी रुळली आहे की तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. ‘इफ इट विल रेन, द बेरीज विल क्रॅक’ हे चुकीचे, ‘इफ इट रेन्स, द बेरीज विल क्रॅक’ हे बरोबर. कारण असे की अटीच्या भागात आपण भाकीत करत नसतो. पाऊस पडला असे क्षणभर धरून चालतो आणि भाकीत पुढच्या भागात करतो. मराठीतही आपण ‘पाऊस पडला तर मणी तडकतील’ असेच म्हणतो. तिथे आपण भूतकाळाचे रूप घेतो, इंग्रजी वर्तमानाचे घेते, पण अटीच्या भागात भविष्याचे रूप न घालणे दोन्हीकडे सारखेच आहे. ‘व्हेन द शुगर रीचेस १८ ब्रिक्स, वी विल हार्वेस्ट’ यालाही तेच लागू आहे.

मात्र सगळ्या ‘इफ’ना हा नियम लावण्याची घाई करू नये. ‘वी डू नॉट नो इफ इट विल रेन’ हे वाक्य पूर्णपणे बरोबर आहे, कारण तिथे अट नाही, प्रश्न आहे. पारख सोपी आहे : मराठीत ‘पडेल की नाही’ असे बसत असेल तर ‘विल’ राहू द्यावा, ‘पडला तर’ असे बसत असेल तर काढावा. ‘इफ इट विल हेल्प, वी विल सेंड अ सॅम्पल’ अशी आणखी एक अपवादात्मक रचना आहे, जिथे नमुना पाठवल्यामुळे उपयोग होणार असेल तर पाठवू, असा उलटा क्रम असतो. ती ओळखता येणे पुरेसे आहे, आपल्या टिपणात तिची गरज क्वचितच पडेल.

‘वुड’बद्दल माझा आग्रह अधिक आहे. आपल्या कार्यालयीन इंग्रजीत ‘विल’ऐवजी ‘वुड’ लिहिणे सभ्यतेचे मानले जाते. ‘द कंटेनर वुड रीच नेक्स्ट वीक’, ‘वी होप यू वुड अ‍ॅक्सेप्ट द लॉट’ अशी वाक्ये मी नेहमी पाहते. परदेशी वाचकाला त्यात सभ्यता दिसत नाही. तो न लिहिलेली अट शोधू लागतो : पोहोचला असता, पण काय झाले? ‘वुड’च्या योग्य जागा दोन आहेत. एक, पूर्वी केलेले भाकीत आज सांगताना, उदाहरणार्थ ‘इन अवर लास्ट नोट वी सेड दॅट द हार्वेस्ट वुड बी लेट’. दोन, खरी नसलेली अट मांडताना, उदाहरणार्थ ‘विथ मोअर कोल्ड स्टोरेज, वी वुड होल्ड द फ्रूट लाँगर’. या दोन जागा सोडून आपल्या टिपणात ‘वुड’ आढळला तर तिथे ‘विल’ किंवा ‘शुड’ घालून पाहावे.

उरलेली दोन रूपे झटकन सांगते. ‘वी विल बी पॅकिंग थ्रूआउट फेब्रुवारी’ यातला ‘विल बी’ असलेला चालू प्रकार घटना ओघानेच चाललेली असेल असे सांगतो आणि त्यात वचनाचा सूर कमी असतो, म्हणून खरेदीदाराला सहज माहिती देताना तो बरा वाटतो. ‘बाय द एंड ऑफ मार्च, वी विल हॅव शिप्ड मोस्ट ऑफ द क्रॉप’ यातला पूर्ण प्रकार एखाद्या तारखेपर्यंत काय उरकलेले असेल ते सांगतो, म्हणून त्यात बहुधा ‘बाय’ने येणारी तारीख असते.

हे सारे लिहिताना हाताशी एक रीत असावी म्हणून मी विद्यार्थ्यांना प्रत्येक भाकितानंतर समासात त्याचा आधार मराठीत लिहायला सांगते : दिसते, वाटते, छापलेले आहे, ठरवले आहे. आधार लिहिला की रूप बहुधा आपोआप सुचते. ‘दिसते’ला ‘गोइंग टु’, ‘वाटते’ला ‘प्रॉबेब्ली’सह ‘विल’ किंवा ‘शुड’, ‘छापलेले आहे’ला साधा वर्तमानकाळ, ‘ठरवले आहे’ला चालू वर्तमानकाळ. मग शेवटची चाचणी एकच : हे वाक्य वचन म्हणून वाचले गेले तर मला चालेल का?

आपण प्रश्नासोबत टिपणातला जो उतारा दिला आहे, त्याला ही रीत लावून पाहू. मूळ उतारा असा आहे : ‘द हार्वेस्ट विल बी लेट. वी विल पिक ब्लॉक बी ऑन मंडे. इफ रेन विल कम, बेरीज वुड क्रॅक. द कंटेनर विल रीच रॉटरडॅम बाय २० मार्च. प्राइसेस आर गोइंग टु राइज.’ मी तो असा लिहीन : ‘द हार्वेस्ट इज गोइंग टु बी लेट, बिकॉज द ऑक्टोबर रेन डिलेड प्रुनिंग. वी आर पिकिंग ब्लॉक बी ऑन मंडे. इफ इट रेन्स बिफोर देन, सम बेरीज आर लाइकली टु क्रॅक, अँड वी विल नॉट शिप दॅट फ्रूट. द व्हेसल लीव्हज न्हावा शेवा ऑन १२ फेब्रुवारी. अकॉर्डिंग टु द शिपिंग लाइन, इट इज एक्स्पेक्टेड टु रीच रॉटरडॅम अराउंड २० मार्च.’

पहिल्या वाक्यात कारण जोडले, कारण ‘गोइंग टु’ लिहिले की वाचक पुरावा मागतो आणि तो आपल्यापाशी आहे. सोमवारच्या तोडणीची व्यवस्था झालेली आहे असे आपण प्रश्नातच म्हटले आहे, म्हणून तिथे चालू वर्तमानकाळ घेतला. तडकलेला माल पाठवणार नाही, हे वाक्य मी मुद्दाम ‘विल’मध्ये ठेवले आहे. ते भाकीत नाही, वचन आहे, ते पाळणे आपल्या हातात आहे आणि खरेदीदाराला ते वचन म्हणूनच ऐकू यायला हवे. जहाजाची तारीख शिपिंग कंपनीच्या नावावर टाकली, आणि ‘बाय’च्या जागी ‘अराउंड’ घातला, कारण ‘बाय’मध्ये मुदत असते.

भावाविषयीचे शेवटचे वाक्य मी गाळले आहे. भाव वाढणार हे आपण कशावरून म्हणता, ते प्रश्नात कुठेही आलेले नाही. इतर देशांतून येणारी आवक घटली आहे अशी बातमी असेल, तर ती बातमी आधी लिहून ‘प्राइसेस आर लाइकली टु राइज’ असे पुढे जोडावे. मागच्या हंगामाच्या अनुभवावरून म्हणत असाल, तर ‘वी थिंक प्राइसेस विल राइज’ पुरेसे आहे. यांपैकी काहीच हाताशी नसेल, तर या आठवड्याच्या टिपणात भावाचे वाक्य घालू नका.